खुर्ची संचालकाची, चाव्या दुसऱ्यांकडे : मिशिगनचं जपान-केंद्र आणि ओकायामातलं ठाणं

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. रविवारी संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पुणे आणि ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीतून उभी राहिलेली ही दहा एकरांची बाग ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलेली आहे. कोराकुएन हे इकेदा त्सुनामासा या सरंजामदाराचं काम. १६८७ साली सुरू झालं, १७०० साली पुरं झालं. बहुतेक पुणेकरांची ओकायामाशी ओळख या बागेत सुरू होते आणि बागेच्या फाटकाशीच संपते. पण जपानचा अभ्यास करणाऱ्या जुन्या पिढीपुढे ओकायामाचं नाव काढलं, तर बागेच्या आधी त्यांना आठवायचं ते शहराजवळचं नीइके नावाचं खेडं. जेमतेम चोवीस घरांची वस्ती. ही वस्ती जगभरच्या विद्यापीठांत पोचली ती एका केंद्र-संचालकाच्या निर्णयामुळे, आणि त्या निर्णयाचंच हे प्रकरण आहे.

विद्यापीठात एखादं अभ्यास-केंद्र चालवायची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे किंवा पडणार आहे, त्यांनी ते जरूर तपासून पाहावं. त्यातलं यश सांगितलं जातं तितकं सरळ नाही आणि अपयशही तितकं साधं नाही.

केंद्र होतं, माणसं उसनी होती

१९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने अॅन आर्बर इथे जपान-अभ्यासाचं केंद्र काढलं. फक्त जपानला वाहिलेलं आणि अनेक ज्ञानशाखांना एका छपराखाली आणणारं असं केंद्र अमेरिकेत त्याआधी नव्हतं. सुरुवातीचा पैसा कार्नेगी कॉर्पोरेशनकडून आला. पहिले संचालक रॉबर्ट बर्नेट हॉल. हे भूगोलाचे प्राध्यापक. युद्धाच्या कितीतरी आधीपासून ते जपानच्या ग्रामीण भागात हिंडत होते आणि जपानी खेड्यांच्या वसाहतींच्या रचनेवर त्यांचा लेख १९३१ सालीच प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे. एका प्रदेशाचा सगळ्या अंगांनी अभ्यास करायचे कार्यक्रम तेव्हा अमेरिकन विद्यापीठांत नुकते रुजत होते. त्या सगळ्याचा आढावा घेणारा अहवाल सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेसाठी हॉल यांनीच लिहिला, तोही १९४७ सालीच. म्हणजे इतरांची केंद्रं कुठे अडतात हे कागदावर मांडणाऱ्या माणसावर त्याच वर्षी स्वतःचं केंद्र चालवायची पाळी आली. असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो, आणि तो सुखाचा असतोच असं नाही.

अडचण कुठे होती? आपल्याकडे केंद्र म्हटलं की एक पाटी, एक कपाट आणि एक मानद संचालक असं चित्र डोळ्यांपुढे येतं. मिशिगनकडे पैसा होता, पण मूळ दुखणं तेच. केंद्राला स्वतःचे प्राध्यापक नव्हते. इतिहासाचा माणूस इतिहास विभागाचा, राज्यशास्त्राचा राज्यशास्त्र विभागाचा, मानववंशशास्त्राचा त्याच्या विभागाचा. नेमणूक विभागाची, पगार विभागाचा आणि बढतीचा कागदही विभागातूनच हलायचा. संचालकाने बैठक बोलावली तर माणसं येणार, चहा घेणार, मान डोलावणार आणि आपापल्या विभागात परतणार. तिथे विभागप्रमुख विचारणार, ‘आपल्या विषयाच्या नियतकालिकात यंदा काय लिहिलंस?’ शेजारच्या विषयातल्या माणसाबरोबर केलेल्या कामाला या प्रश्नाच्या उत्तरात जागा नसते. तेव्हाही नव्हती आणि आजही फारशी नाही.

या उसन्या माणसांत तीन नावं महत्त्वाची. जॉन व्हिटनी हॉल हे इतिहासकार. मिशनरी कुटुंबातले, जन्म जपानमधलाच. (संचालक हॉल आणि हे हॉल यांचं काही नातं नव्हतं, पण एका केंद्रात दोन हॉल असल्यामुळे नंतरच्या लेखनात इतके घोळ झालेत की हे सांगून टाकलेलं बरं.) रॉबर्ट वॉर्ड राज्यशास्त्राचे. रिचर्ड बियर्ड्स्ली मानववंशशास्त्राचे, पण त्यांचं मूळ शिक्षण कॅलिफोर्नियाच्या पुरातत्त्वातलं. तिघेही तरुण, तिघांचंही आपापल्या विभागातलं बस्तान अजून बसायचं होतं. अशा वयात कुणी आपली चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या कल्पनेवर उधळत नाही.

केंद्राच्या पायाचा आणखी एक दगड होता, आणि तो गौरवग्रंथांत जरा घाईने ओलांडला जातो. युद्धकाळात, १९४३ पासून, अॅन आर्बरमध्ये अमेरिकन लष्कराची जपानी भाषेची शाळा चालत होती. तिची धुरा जोसेफ यामागिवा यांच्याकडे होती. सियाटलमध्ये जन्मलेले हे जपानी वंशाचे भाषातज्ज्ञ मिशिगनमध्ये युद्धाआधीपासून शिकवत होते. शिकवायला माणसं हवी होती, आणि जपानी येणारी माणसं तेव्हा होती कुठे? काटेरी तारांच्या आड. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना सरकारने छावण्यांत डांबलं होतं. त्यातले बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते. त्या छावण्यांतून माणसं निवडून अॅन आर्बरला आणली गेली आणि ज्या देशाने त्यांना डांबलं त्याच देशाच्या सैनिकांना त्यांनी जपानी शिकवलं. युद्धानंतर ‘अमेरिकेत जपानी जाणणारी नवी पिढी तयार झाली’ असं कौतुकाने म्हटलं जातं. ती पिढी घडवणाऱ्यांची नावं मात्र फारशी कुणाला ठाऊक नसतात. केंद्राची पुस्तकं लिहिणारे आणि केंद्राची भाषा शिकवणारे यांच्यातली ही दरी नंतरही बुजली नाही. आजच्या कुठल्याही परभाषा-विभागात डोकावलं तर तिचे अवशेष सापडतील.

तीन वाटा

अशा केंद्राच्या संचालकापुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली सोपी. व्याख्यानमाला लावायची, पाहुणे बोलवायचे, वार्षिक अहवालात फोटो छापायचे. कुणाचंच काही बिघडत नाही, आणि पाच वर्षांनी देणगीदार विचारतो की एवढ्या पैशाचं झालं काय. दुसरी वाट उदारपणाची. ज्याला जे संशोधन करायचंय त्यासाठी त्याला जपानला जायचं भाडं द्यायचं. यात प्राध्यापक खूश राहतात, पण केंद्राचं रूपांतर प्रवास-कचेरीत होतं. तिसरी वाट म्हणजे सगळ्यांना एकाच जागी, एकाच कामाला जुंपायचं. यात संचालकाला सर्वांत जास्त धोका, कारण ज्यांच्यावर आपला काडीचा अधिकार नाही त्यांना महिनोन्महिने एकत्र ठेवायचं असतं.

रॉबर्ट हॉल यांनी तिसरी वाट धरली. एप्रिल १९५० मध्ये केंद्राने ओकायामात आपलं संशोधन-ठाणं उघडलं. जपानवर तेव्हा दोस्त राष्ट्रांचा ताबा होता आणि तो संपायला, म्हणजे एप्रिल १९५२ उजाडायला, आणखी दोन वर्षं होती. त्यामुळे ताबा-प्रशासनाच्या परवानगीशिवाय पान हलत नव्हतं. ठाणं उघडून तीन महिने होत नाहीत तोच शेजारी कोरियात युद्ध पेटलं.

पण ओकायामाच का? तोक्योत ग्रंथालयं होती, मंत्रालयं होती, इंग्रजी जाणणारे प्राध्यापक होते. क्योतोत परंपरा होती. ओकायामा म्हणजे एक मध्यम आकाराचं प्रांतिक शहर. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकन विमानांनी ते जाळलं होतं. सतराशेहून जास्त माणसं मेली, किल्ल्याचा काळा बुरूज राख झाला. (आज तिथे दिसतो तो १९६६ साली पुन्हा बांधलेला.) पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या विमानांनी शहर जाळलं, त्यांचेच प्राध्यापक आता वह्या घेऊन आले होते.

भूगोलाच्या माणसाच्या नजरेतून पाहिलं तर निवड उलगडते. जपानच्या मधल्या आतल्या समुद्राचा, सेतो-नाइकाईचा, हा काठ म्हणजे जुन्या जपानचा गाभा. किनाऱ्याला कोळ्यांच्या वस्त्या, मागे भाताची सपाट शेतं आणि त्यामागे लगेच डोंगर. एकाच ठाण्यावरून तिन्ही तऱ्हांची गावं गाठता येतात. शिवाय १९४९ मध्ये ओकायामा विद्यापीठ नव्याने स्थापन झालं होतं, आणि इकेदा घराण्याचं शतकानुशतकांचं दप्तर याच शहरात होतं. आज ते त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

माझ्या मते राजधानीपासूनचं अंतर हेही तितकंच महत्त्वाचं होतं. तोक्योत ठाणं काढलं असतं तर चारजण चार ग्रंथालयांत पांगले असते आणि संध्याकाळी एकमेकांना भेटलेही नसते. ओकायामात जायला दुसरी जागाच नव्हती.

नीइके

शहराजवळच्या या वस्तीत तेव्हा साधारण १३० माणसं राहत होती. भात हे मुख्य पीक. पण घरात रोकड यायची ती इगुसामुळे. इगुसा म्हणजे लव्हाळ्याच्या जातीची लांब, गोल, हिरवी काडी. जपानी घरातल्या तातामीचं वरचं आवरण तिचं विणलेलं असतं. तेव्हा इगुसासाठी ओकायामाचं नाव देशभर होतं. या पिकाचं वेळापत्रक माणसाला पिळून काढतं. डिसेंबरात गार चिखलात उभं राहून लावणी करायची. कापणी जुलैमध्ये, ऐन उकाड्यात. कापलेल्या जुड्या मातीच्या पातळ गाऱ्यात बुडवायच्या म्हणजे काडी एकसारखी वाळते आणि रंग धरते. मग त्या उन्हात पसरायच्या, आणि त्याच दमात रिकाम्या झालेल्या वाफ्यात भाताची रोपं लावायला धावायचं. नंतर हिवाळाभर घरात माग चालायचे. विणकामावर बायकांचे हात असायचे.

आता एवढ्या एका पिकाकडे चारजण कसे बघतील ते पाहा. भूगोलवाला विचारेल, पाणी कुठून येतं आणि कोणत्या वाफ्याला आधी मिळतं. इतिहासकार विचारेल, हा वाफा सरंजामदाराच्या काळात कुणाच्या नावावर होता. राज्यशास्त्रवाल्याला पाणी वाटणारी समिती दिसेल आणि तिच्या बैठकीत कुणाचा शब्द चालतो हे त्याला हवं असेल. मानववंशशास्त्रवाला मागावर बसलेल्या सुनेजवळ थांबेल आणि तिच्या विणकामाचा पैसा कुणाच्या हातात पडतो ते विचारेल. चौघांचे प्रश्न वेगळे, पण उत्तर देणारं घर एकच. एकाची वही दुसऱ्याला वाचावीच लागते. बैठकीच्या सूचनेने जे साधत नाही ते इथे त्या पाटाच्या पाण्याने साधलं.

गावात ‘को’ नावाच्या मंडळ्या होत्या. काही देवाच्या नावाने जमायच्या, काही पैशासाठी. ‘तानोमोशी-को’मध्ये सगळ्यांनी ठरावीक रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची. आपल्याकडे आळीतल्या बायका, कचेरीतले कारकून भिशी लावतात तेच हे. अशी मंडळी धर्मात मोडते, अर्थकारणात की राजकारणात? विद्यापीठातल्या विभागांच्या भिंती किती सोयीपुरत्या उभारलेल्या असतात, हे दाखवायला ही एक मंडळी पुरेशी आहे.

एका खेड्यावर नजर रोखून त्याचं सगळं मोजण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा असाच कसून केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज तिथे आयटीवाल्यांच्या गगनचुंबी सोसायट्या आहेत. फरक इतकाच की तिथे एका जमीन-शेतीच्या जाणकाराने सहकाऱ्यांच्या मदतीने काम केलं. ओकायामात वेगवेगळ्या शाखांचे लोक बरोबरीच्या नात्याने उतरले होते, आणि बरोबरीचं नातं सांभाळणं हे हाताखालच्या माणसांकडून काम करून घेण्यापेक्षा फार अवघड.

ठाण्याचा आवाका नीइकेपुरता नव्हता. एडवर्ड नॉर्बेक हे विद्यार्थी ताकाशिमा या बेटावरच्या कोळ्यांच्या वस्तीत गेले. जॉन कॉर्नेल मात्सुनागी या डोंगरी गावात. मिशा टिटिएव्ह हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ, पण अमेरिकेतल्या होपी आदिवासींचे अभ्यासक. जपान हा त्यांचा विषय नव्हेच. तेही ओकायामाला आले आणि तिथल्या गावांतल्या शेजार-गटांवर त्यांनी लिहिलं. केंद्राचं खरं बळ मला इथे दिसतं. जपानचे तज्ज्ञ गोळा करणं सोपं असतं. ज्याला जपानशी देणंघेणं नाही अशा सहकाऱ्याला आपल्या अंगणात ओढून आणणं कठीण.

दोन वह्यांचा हिशेब

आता मूळ दुखण्याकडे येऊ. बढतीच्या चाव्या विभागांकडे होत्या. मग बढती हातची न घालवता ही तरुण माणसं केंद्राच्या कामाला कशी लागली?

उत्तर त्या वर्षांतल्या छापील कामात आहे. वॉर्ड यांनी जपानी वस्तीच्या सामाजिक-राजकीय भूमिकेवरचा लेख १९५१ साली अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या सर्वांत मानाच्या नियतकालिकात छापला. चोवीस घरांच्या वस्तीसारख्या वस्त्यांतलं राजकारण हा विषय तिथे पोचला तो राज्यशास्त्राची भाषा बोलत. जॉन हॉल यांनी जपानी किल्ल्यांच्या शहरांवर १९५५ मध्ये लिहिलं, ते इतिहासकारांच्या वर्तुळात वाचलं गेलं. नॉर्बेक यांची ताकाशिमा १९५४ मध्ये पुस्तकरूपाने आली. म्हणजे प्रत्येकाने आपल्या विभागाला दाखवण्याजोगं नाणं त्याच शेतातून कमावलं. सामायिक पुस्तक मागाहून आलं. प्रत्येकाची वही आधी, केंद्राची नंतर, हा क्रम महत्त्वाचा. कित्येक संचालक नेमकं उलटं करतात. आल्या दिवशी संयुक्त ग्रंथाची घोषणा करतात आणि मग प्रकरणं मागत फिरतात.

दुसरी गोष्ट त्याहून नीरस. पण माझं मत विचाराल तर तीच जास्त हुशारीची. केंद्राने सूचींची एक मालिका काढली. राज्यशास्त्रातल्या जपानी संदर्भसाधनांची सूची वॉर्ड यांची, १९५० मधली. त्याच वर्षी पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्रावर बियर्ड्स्ली यांची. इतिहासावर जॉन हॉल यांची १९५४ मध्ये. भूगोलावर खुद्द संचालकांनी नोह या जपानी भूगोलतज्ज्ञाच्या बरोबरीने केलेली १९५६ मध्ये. अर्थशास्त्राची त्याच वर्षी चार्ल्स रेमर यांनी एका जपानी सहकाऱ्याबरोबर केली. हे रेमर मूळचे चीनच्या अर्थकारणाचे जाणकार. सूची करणं म्हणजे कंटाळवाणं, मान-पान नसलेलं काम. पण ती करायला सगळी शाखा नजरेखालून घालावी लागते, आणि एकदा छापली की देशातल्या प्रत्येक जपान-विद्यार्थ्याला तुमच्या दारावरून जावं लागतं. संचालकाने स्वतःही एक सूची अंगावर घेतली. इतरांना कंटाळवाणं काम सांगायचं तर आपला वाटा आधी दिसावा लागतो.

सामायिक पुस्तक, ‘व्हिलेज जपान’, शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९५९ साली काढलं. लेखक बियर्ड्स्ली, जॉन हॉल आणि वॉर्ड. ठाणं उघडून नऊ वर्षं झाली होती आणि ते बंद होऊनही चार वर्षं लोटली होती. संचालक हॉल यांचं नाव मुखपृष्ठावर नाही. जे केंद्र उभं करतात त्यांची नावं बहुधा प्रस्तावनेतच राहतात.

जे दिसलं नाही

पुस्तक अजूनही वाचनीय आहे. घरातल्या वस्तूंपासून नात्यांच्या गाठींपर्यंत सगळं बारकाईने येतं. तरी आज वाचताना काही गोष्टी खटकतात.

पहिली म्हणजे, उत्तरं देणाऱ्या गावकऱ्यांची स्थिती. काम सुरू झालं तेव्हा प्रश्न विचारणारे जेत्या देशाचे होते. १९४६ पासून त्यांच्याच आदेशाने जमीन-सुधारणा चालू होती आणि कुळांच्या नावावर जमिनी होत होत्या. अशा वेळी वही घेऊन आलेल्या अमेरिकन माणसापुढे शेतकरी युद्धाबद्दल, जमीनदाराबद्दल, सरकारबद्दल किती मोकळं बोलेल? कूळकायद्याच्या दिवसांत आपल्या गावात तलाठ्याबरोबर कुणी परका साहेब आला असता तर आपले आजोबा काय बोलले असते, याचा विचार केला तरी पुरे.

दुसरी गोष्ट गावाच्या निवडीची. नीइके तुलनेने सुस्थितीतलं, गुण्यागोविंदाने नांदणारं गाव होतं. अशा गावातून जो जपान दिसतो तो समजूतदार, पायरीपायरीने बदलणारा असतो. पुढे याच वर्तुळातून ‘आधुनिकीकरणा’चा, म्हणजे समाज टप्प्याटप्प्याने आधुनिक होत जातो असं मानणारा सिद्धान्त बळावला. जॉन हॉल यांनी आधुनिक जपानवरच्या परिषदांची मालिका उभी केली. तिची पहिली मोठी बैठक ऑगस्ट १९६० च्या अखेरीस हाकोने इथे भरली. त्याच वर्षी मे-जूनमध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा-कराराविरुद्ध तोक्योचे रस्ते लाखो निदर्शकांनी भरले होते. हाकोनेत अमेरिकन अभ्यासक बदल मोजायचे निकष मांडत होते. मारुयामा मासाओ यांच्यासारख्या जपानी विचारवंतांचा प्रश्न वेगळा होता : या मोजपट्टीत लोकशाही कुठे आहे, मूल्यं कुठे आहेत? हे मतभेद पुढे अमेरिकेतल्याच तरुण इतिहासकारांनी उचलले आणि १९७० च्या दशकात त्यावर चांगली खडाजंगी झाली.

याचं खापर एका संचालकावर फोडता येणार नाही. पण ठाणं कुठे काढायचं, कोणतं गाव घ्यायचं, हे निर्णय कारभाराचे वाटले तरी त्यातून काय दिसणार आणि काय नाही, हेही ठरून जातं.

ठाणं बंद, केंद्र चालू

१९५५ मध्ये ओकायामाचं ठाणं मिटलं. संचालकपद पुढे जॉन हॉल, बियर्ड्स्ली आणि वॉर्ड या तिघांनीही वेगवेगळ्या काळात सांभाळलं. पण एकाच गावात उतरून केलेलं तसलं काम पुन्हा झालं नाही. जॉन हॉल १९६१ साली येल विद्यापीठात गेले. ओकायामातल्या कागदपत्रांवर, म्हणजे जुन्या बिझेन प्रांताच्या बाराशे वर्षांच्या कारभारावर त्यांचं मोठं पुस्तक १९६६ मध्ये आलं. बी मिशिगनमध्ये पेरलं गेलं, पीक येलच्या खात्यावर जमा झालं. वॉर्ड १९७३ मध्ये स्टॅनफर्डला गेले. ज्यांच्या चाव्या आपल्या हाती नाहीत त्यांना थांबवताही येत नाही.

टिकलं ते काय? १९४८ पासून वाढवत आणलेलं आशिया ग्रंथालय. पुढे तिथे जपानी संग्रहाचं काम नाओमी फुकुदा यांनी पाहिलं. या ग्रंथपाल बाई युद्धाआधी मिशिगनमध्येच शिकल्या होत्या आणि मधली वर्षं तोक्योतल्या इंटरनॅशनल हाऊसचं ग्रंथालय त्यांनी उभं केलं होतं. टिकली ती सूचींची आणि निबंधांची प्रकाशनं. टिकला तो पदवी-अभ्यासक्रम. पाहुण्यांना दाखवायला यात काही नाही, पण संचालक बदलले तरी हे चालू राहिलं.

पैशाची गोष्ट थोडक्यात. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला आणि अमेरिकन सरकार खडबडून जागं झालं. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परभाषांना आणि प्रदेश-केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. मग १९७३ मध्ये जपानचे पंतप्रधान तानाका काकुएई वॉशिंग्टनला आले आणि त्यांनी दहा अमेरिकन विद्यापीठांना प्रत्येकी दहा लाख डॉलर जाहीर केले. मिशिगन त्यात होतं. सरकारी अनुदान दरसाल नव्याने मागावं लागतं, ठेवीचं व्याज मागावं लागत नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या संघ-सरकारने प्रदेश-केंद्रांच्या निधीला जवळजवळ ४० टक्के कात्री लावली, तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या ठेवी होत्या त्यांचा श्वास चालू राहिला. ज्या देशाचा अभ्यास करायचा त्याच देशाच्या सरकारकडून पैसा घ्यावा का, हा प्रश्न १९७३ मध्येही विचारला गेला होता. माझं उत्तर : घ्यावा, पण ठेव म्हणून, एकरकमी. दरवर्षी हात पसरावा लागला की बोलणं आपोआप मऊ होतं.

एकदा मात्र ओकायामासारखी परिस्थिती पुन्हा आली, आणि तीही दारातच. अॅन आर्बरपासून तासाभराच्या आत डेट्रॉईट आहे. १९८० च्या सुमारास जपानी मोटारींनी तिथल्या कारखान्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. कामगार बेकार होत होते, जपानी गाड्या घणाने फोडल्याची चित्रं वर्तमानपत्रांत येत होती. केंद्राचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कोल जपानी कारखान्यांचे जाणकार. त्यांनी १९८१ मध्ये जपानी मोटार-उद्योगावरच्या परिषदेचं संपादित पुस्तक केंद्राच्या मालिकेत काढलं. पाठोपाठ अमेरिका आणि जपान यांच्या मोटार-उद्योगाचा संयुक्त अभ्यास विद्यापीठाने हाती घेतला. अभियंते, अर्थतज्ज्ञ, जपान-अभ्यासक पुन्हा एका टेबलाशी आले. जून १९८२ मध्ये डेट्रॉईटलगत व्हिन्सेंट चिन या तरुणाला जपानी समजून एका मोटार कंपनीच्या पर्यवेक्षकाने आणि त्याच्या सावत्र मुलाने मारलं, त्यात त्याचा जीव गेला. तो चिनी वंशाचा होता. जपानबद्दल शहाणपणाने बोलणारी माणसं त्या प्रांतात असणं त्या वर्षी किती गरजेचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी रचना

ओकायामाचं ठाणं पाच वर्षांत मिटलं, याचं एक कारण मला त्याच्या मालकीत दिसतं. ते एका विद्यापीठाचं होतं. त्याच्या माणसांची उमेद आणि देणगीदाराचा पैसा, दोन्ही एकाच घरचे. एक बाजू ढिली पडली की सगळंच बसतं.

पुढच्या दशकातल्या संस्था वेगळ्या बांधणीच्या निघाल्या. १९६१ मध्ये स्टॅनफर्डने तोक्योत जपानी भाषेचं केंद्र काढलं आणि दोनच वर्षांत ते अनेक विद्यापीठांच्या सामायिक मालकीचं केलं. १९८७ मध्ये ते योकोहामाला हललं आणि आजही तिथे वर्ग भरतात. १९६१ सालीच पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज सुरू झाली, तीही कित्येक अमेरिकन विद्यापीठांची मिळून. तिचं मुख्यालय पुढे उत्तरेकडे गेलं, तरी तिचे मराठीचे वर्ग पुण्यात चालू राहिले. कुठलंही एक विद्यापीठ बाहेर पडलं तरी या संस्था कोसळत नाहीत, आणि कुठलाही एक संचालक तिथे फार मोठा होत नाही. रॉबर्ट हॉल यांना हे रुचलं असतं का, सांगता येत नाही. सगळ्यांच्या मालकीच्या संस्थेत नीइकेसारखं एक गाव निवडायला किती बैठका लागल्या असत्या, हा प्रश्न त्यांनी नक्की विचारला असता, आणि तो चुकीचा ठरला नसता.